हिशेबनिसाचा पगार कोण देणार?

शिक्षणात काम करणाऱ्या छोट्या संस्थेचे अंदाजपत्रक एखाद्या कंपनीच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या विभागाकडे गेले की पहिली काट कुठे बसते, हे त्या संस्थेतल्या कुणालाही विचारावे. पुस्तकांच्या रकमेला सहसा हात लागत नाही. मुलांच्या खाऊला लागत नाही. संगणक, टॅबलेट, बाके लवकर मंजूर होतात, कारण वस्तू दिसते आणि मोजता येते. काट बसते ती तळाच्या एका ओळीवर. हिशेबनीस, दरमहा अमुक हजार रुपये. हा प्रशासकीय खर्च आहे, तो संस्थेने आपला आपण भागवावा, असे उत्तर येते. त्याच पत्रात पुढे तिमाही अहवाल, प्रत्येक बिलाची प्रत, सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र आणि मुलांच्या नावनिशीवार याद्या मागितलेल्या असतात.

हिशेब मागण्यात काहीच गैर नाही. मुलांच्या नावाने आलेला रुपया कुठे गेला, हे पैसे देणाऱ्याने विचारलेच पाहिजे. पण ज्याला हिशेब हवा आहे त्याने तो ठेवण्याचा खर्चही द्यावा आणि संस्थांनी हिशेबाला शिकवण्याच्या कामाचाच भाग मानावे. या दोन्ही गोष्टी होत नाहीत. त्याची किंमत सगळ्यात दूरच्या तालुक्यांतली मुले मोजतात.

नंदुरबार जिल्ह्यातला धडगाव तालुका घेऊ. समजा, तिथे एक संस्था वीस पाड्यांवर मुलांना त्यांच्या घरच्या पावरी बोलीतून शाळेतल्या मराठीकडे नेण्याचे काम करते. तिला पुण्यातल्या एका कंपनीचा सीएसआर निधी मिळतो, एका परदेशी प्रतिष्ठानाचे अनुदान मिळते, आदिवासी विकास विभागाच्या योजनेतली काही रक्कम येते आणि हितचिंतकांच्या पाचशे-हजाराच्या देणग्या येतात. कंपनीचे वर्ष एप्रिल ते मार्च, प्रतिष्ठानाचे जानेवारी ते डिसेंबर, सरकारी योजनेचे वर्ष आदेश निघेल त्या दिवसापासून. कंपनीच्या तक्त्यात ‘प्रशिक्षण’ हे एकच शीर्ष असते. प्रतिष्ठानाला त्याच प्रशिक्षणाचा प्रवास, मुक्काम, जेवण, साहित्य आणि मानधन वेगवेगळे हवे असते. एका शीर्षातले उरलेले पैसे दुसऱ्या शीर्षात वापरायचे तर बहुतेक करारांत आधी लेखी परवानगी लागते. परवानगीचे उत्तर येईपर्यंत पावसाळा सुरू होतो आणि पाड्यांवरचे रस्ते बंद होतात.

अशा संस्थेत एकाच शिक्षिकेचा पगार तीन निधींतून निघतो, चाळीस टक्के इथून, तीस तिथून, तीस आणखी कुठून. मग तिने महिन्यातल्या कोणत्या दिवशी कोणत्या प्रकल्पाचे काम केले, याचा तक्ता भरायचा. ती तर रोज त्याच मुलांपुढे उभी असते. तरी तक्ता भरावा लागतो आणि त्यात अर्थही आहे. तो नसेल तर एकाच पगाराचे पैसे दोन देणगीदारांकडून घेणे सहज शक्य होते. तसे घेणाऱ्या संस्था आहेत. म्हणून चांगला हिशेबनीस प्रत्येक बिलावर ‘अमुक प्रकल्पातून अदा’ असा शिक्का मारून मगच ते फायलीला लावतो. एका बिलावर एकच शिक्का. एवढा नियम पाळला तरी निम्मे प्रश्न मिटतात.

पण बिल मिळाले तर शिक्का मारायचा. नर्मदाकाठच्या काही गावांत सरदार सरोवराच्या फुगवट्यामुळे होडीने जावे लागते. होडीवाला छापील पावती देत नाही. जीपवाला देत नाही. प्रशिक्षणाला आलेल्या तीस जणांचा स्वयंपाक करणाऱ्या बाईंकडे जीएसटी क्रमांक नसतो. अशा खर्चाचे व्हाउचर कार्यकर्ता हाताने लिहितो, होडीवाल्याचा अंगठा घेतो, सोबत गावातल्या दोघांच्या सह्या घेतो. शहरातल्या कार्यालयात ते व्हाउचर पोहोचले की आक्षेप निघतो. आक्षेपाचे उत्तर देण्यात कार्यकर्त्याचे दिवस जातात. काही वेळा तो कंटाळून स्वतःच्या खिशातून भरपाई करतो. काही वेळा तो शहादा किंवा तळोद्याच्या दुकानातून छापील बिल आणतो. ते बिल खोटे असते आणि फाइल मात्र बिनचूक दिसते. प्रामाणिक माणसाला खोट्या बिलाकडे ढकलणारा नियम वाईट आहे, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

नियम आले ते उगाच आले नाहीत. २०११ साली नांदेड जिल्ह्यात तेव्हाचे जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी शाळांच्या पटाची प्रत्यक्ष पडताळणी केली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती राज्यभर झाली. लाखो मुले फक्त हजेरीपटावर असल्याचे उघड झाले. त्या नसलेल्या मुलांच्या नावाने तुकड्या मंजूर होत होत्या, शिक्षकांची पदे निघत होती, पोषण आहाराचे धान्य उचलले जात होते. २०२५ साली नागपुरात शिक्षकांच्या पगारासाठी लागणाऱ्या शालार्थ आयडी बनावट केल्याचे प्रकरण निघाले. नियमबाह्य नेमलेल्या शिक्षकांचे पगार सरकारी तिजोरीतून काढले जात होते आणि त्यात शिक्षण खात्यातल्या अधिकाऱ्यांनाच अटक झाली. ज्या राज्यात हे घडते तिथे शिक्षणसंस्थांनी आमच्यावर विश्वास ठेवा एवढेच म्हणून भागणार नाही.

या दोन्ही प्रकरणांत एक गोष्ट मात्र सारखी आहे आणि नियम करणाऱ्यांनी ती ध्यानात घ्यायला हवी. कागद पूर्ण होते. हजेरीपट भरलेले होते, मागण्या विहित नमुन्यात होत्या, संगणकात क्रमांक होते. पटावरची चोरी सापडली ती कुणीतरी वर्गात जाऊन मुले मोजली तेव्हा. नवा नमुना, नवे पोर्टल, नवे प्रमाणपत्र आणून लबाड माणूस अडत नाही. त्याच्याकडे कागद तयार करणारी माणसे असतात. अडतो तो दोन कार्यकर्ते आणि एक भाड्याची खोली घेऊन काम करणारा.

अनुदान आणि अट यांची जोडी आपल्याकडे पावणेदोनशे वर्षांची आहे. १८५४ च्या वूडच्या खलित्याने खासगी शाळांना सरकारी अनुदान देण्याची पद्धत घातली तेव्हाच सरकारी तपासणीची अट सोबत आली. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा फुल्यांनी त्याही पलीकडचा प्रश्न विचारला. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो, मग तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर का खर्च होतो? सार्वजनिक पैशाचा हिशेब कसा मागावा, याचा तो वस्तुपाठच आहे. पावत्या जुळल्या का, याच्याही आधी फुले विचारत होते की पैसा पोहोचला कुणापर्यंत. आजच्या उपयोगिता प्रमाणपत्रात या प्रश्नाला रकाना नाही.

महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्याला पंधरा लाखांची देणगी दिली. वर्षाला ५२,५०० रुपये व्याजाचे उत्पन्न होईल अशी ती रचना होती. देणगीला अटी होत्या. विद्यापीठाला दात्याच्या आईचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव द्यायचे ही त्यातली एक. कर्व्यांनी अटी मान्य केल्या आणि एसएनडीटी हे नाव त्यातून आले. एवढी मोठी देणगी हाती असूनही सत्तरी ओलांडलेले कर्वे १९२९ मध्ये परदेशी निघाले आणि युरोप, अमेरिका, जपान व नंतर आफ्रिकेत विद्यापीठासाठी हिंडून वर्गणी गोळा करत राहिले. एकाच दात्यावर संस्था टेकवायची नाही, हे त्यांनी कृतीतून दाखवले.

रयत शिक्षण संस्थेचा अनुभव याहून कठोर. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी संस्था स्थापली. वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी घरोघरून मूठमूठ धान्य गोळा होत असे आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडून मुलांना जेवू घातले. स्वातंत्र्यानंतर भाऊरावांनी सरकारवर टीका केली तेव्हा मुंबई प्रांतातल्या बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने रयतचे अनुदान थांबवले. पुढे ते सुरू झाले, पण मधल्या काळात संस्था तगली ती लोकांच्या मदतीवर. हिशेबात खोट नसतानाही अनुदान थांबू शकते. म्हणून ज्या संस्थेकडे अटींविना दिलेला थोडासा तरी पैसा शिल्लक असतो, तीच संस्था खरे बोलू शकते.

आज असा मोकळा पैसाच आटला आहे. त्यातही परदेशी निधीवर चालणाऱ्या शैक्षणिक संस्थांसाठी सप्टेंबर २०२० मधली परकीय अंशदान नियमन कायद्याची, म्हणजे एफसीआरएची दुरुस्ती फार मोठी ठरली. परदेशातून येणारा प्रत्येक पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात जमा व्हायला हवा, असा नियम झाला. कोल्हापूरची संस्था असो की गडचिरोलीची, खाते दिल्लीतच. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. आणि एका नोंदणीकृत संस्थेने परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देण्यावर पूर्ण बंदी आली.

यातली तिसरी तरतूद सगळ्यात जास्त नुकसान करणारी आहे. पूर्वी पुण्या-मुंबईतली एखादी मोठी संस्था परदेशी प्रतिष्ठानाकडून अनुदान घेई, त्याचा किचकट हिशेब आपल्या कार्यालयात ठेवी आणि तालुक्यातल्या लहान संस्थांना पाच-सात लाख देऊन शाळेबाहेरच्या मुलांचे वर्ग चालवी. लहान संस्थेला फक्त आपल्या वाट्याचा हिशेब द्यावा लागे. मोठ्या संस्थेचा हिशेब विभाग दहा लहान संस्थांना सांभाळून घेत होता. ही साखळी एका दुरुस्तीने तुटली. आता लहान संस्थेने स्वतःची नोंदणी करावी तर किमान तीन वर्षांचे काम आणि त्या काळात आपल्या उद्दिष्टांवर १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो, दर पाच वर्षांनी नूतनीकरण, दरवर्षी विवरणपत्र, परदेशी पैशाची वेगळी वही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये ही दुरुस्ती वैध ठरवली. त्यामुळे कायद्याचा वाद संपला. पण कायदा वैध ठरला म्हणून तो शहाणा ठरत नाही, आणि संसदेने या बंदीचा पुन्हा विचार करायला हवा.

प्रशासकीय खर्चाची व्याख्याही पाहण्यासारखी आहे. एफसीआरएच्या नियमांत शाळेतल्या शिक्षकाचा पगार या मर्यादेतून वगळला आहे, ते योग्यच झाले. पण निधीचा हिशेब ठेवण्याचा खर्च आणि अहवाल लिहून सादर करण्याचा खर्च मात्र प्रशासकीय धरला जातो. म्हणजे कायद्याने जे काम सक्तीचे केले, त्याच कामावर किती खर्च करायचा याला कायद्याने मर्यादा घातली. मोठ्या संस्थेला २० टक्के पुरतात. वर्षाला १० लाख आणणाऱ्या संस्थेचे २० टक्के म्हणजे २ लाख. त्यात कार्यालयाचे भाडे, वीज, लेखापरीक्षकाची फी आणि एका माणसाचा पगार बसवून दाखवावा.

सीएसआरच्या बाबतीत गोंधळ आहे, आणि तो दूर करणे सोपे आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कंपन्यांनी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची असते. शिक्षण हे त्यातले सगळ्यात आवडते क्षेत्र आणि महाराष्ट्राच्या वाट्याला हा निधी देशात सर्वाधिक येतो. तो राज्यात मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात एकवटतो, कारण कारखाने आणि मुख्यालये तिथे आहेत. नंदुरबार, गडचिरोली, वाशीम, धाराशिव या केंद्राच्या यादीतल्या चार आकांक्षित जिल्ह्यांकडे तो वळवायचा तर तिथल्या संस्था उभ्या राहिल्या पाहिजेत.

जानेवारी २०२१ मध्ये सीएसआरचे नियम कडक झाले. त्यात प्रशासकीय खर्चावर ५ टक्क्यांची मर्यादा आहे. ही मर्यादा कंपनीने स्वतःचा सीएसआर विभाग चालवण्यावर केलेल्या खर्चाला आहे. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांचा थेट खर्च तिच्यात मोजायचा नाही, असे नियमातच लिहिले आहे. कंपनी व्यवहार मंत्रालयाने ऑगस्ट २०२१ च्या परिपत्रकात ते पुन्हा उलगडून सांगितले. तरीही कंपन्यांचे अधिकारी हीच ५ टक्क्यांची फूटपट्टी संस्थांच्या अंदाजपत्रकाला लावतात आणि प्रकल्पाच्या हिशेबनिसाचा, समन्वयकाचा पगार छाटतात. नियम न वाचता केलेली ही काटकसर आहे. अंदाजपत्रक पाठवताना संस्थांनी या तरतुदीचा उल्लेख पत्रातच करावा. संकोच करू नये.

मार्चची घाई हा दुसरा त्रास. न खर्चलेल्या सीएसआर रकमेचे काय करायचे याचे नियम कडक झाल्यापासून वर्षअखेरीला कंपन्या निधी वाटायला निघतात. संस्थेच्या खात्यात २५ मार्चला वीस लाख येतात आणि कंपनीला खर्चाचे प्रमाणपत्र लगेच हवे असते. इकडे आयकर कायद्याप्रमाणे सवलत टिकवायची तर त्या वर्षीच्या उत्पन्नाचा ८५ टक्के भाग उद्दिष्टांवर खर्च व्हायला हवा, नाहीतर पुढच्या वर्षी वापरण्याचा पर्याय मुदतीत अर्ज भरून निवडायला हवा. मार्चमध्ये मुलांच्या परीक्षा असतात. त्या सहा दिवसांत वीस लाखांचे चांगले शिक्षण कुणीही देऊ शकत नाही. मग वस्तूंची खरेदी होते. अनेक शाळांच्या कपाटांत न उघडलेली प्रयोगशाळेची खोकी दिसतात, त्यांचे मूळ या घाईत आहे. जूनमध्ये, शाळा सुरू होताना, तीन वर्षांच्या कराराने पैसे दिले तर याच वीस लाखांतून दोन शिक्षिका तीन वर्षे उभ्या राहतात.

सरकारी अनुदानाची रीत आणखी वेगळी. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांप्रमाणे वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते आणि अनुदानावर मिळालेले व्याज परत करावे लागते. संस्थेला उशीर झाला तर पुढचा हप्ता थांबतो. सरकारला उशीर झाला तर काहीच होत नाही. अनुदानित शाळांचे वेतनेतर अनुदान, म्हणजे खडू, वीजबिल, दुरुस्ती यांचे पैसे, वर्षानुवर्षे रखडतात. शिक्षणहक्क कायद्याखाली दिलेल्या २५ टक्के प्रवेशांची शुल्कप्रतिपूर्ती थकते. वेळेवर हिशेब मागणाऱ्याने वेळेवर पैसे द्यावेत, अशी अट दोन्ही बाजूंना बांधणारा नियम महाराष्ट्र सरकारने करावा. त्यासाठी दिल्लीकडे बघायची गरज नाही.

धर्मादाय आयुक्त कार्यालयाचाही वाटा यात आहे. महाराष्ट्रातल्या बहुतेक शिक्षणसंस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या असतात. विश्वस्त बदलले की चेंज रिपोर्ट दाखल करायचा आणि तो मंजूर झाला की परिशिष्ट एकवर नवे नाव चढते. चेंज रिपोर्ट वर्षानुवर्षे पडून राहिल्याने अनेक संस्थांच्या परिशिष्टावर दिवंगत माणसांची नावे अजून विश्वस्त म्हणून आहेत. कंपनी किंवा बँक प्रमाणित प्रत मागते आणि अनुदान तिथेच अडते. दोष नेहमी कार्यालयाचा नसतो. विश्वस्तांमधली भांडणे, वेळेत न भरलेले अर्ज, निवडणूक न घेताच लिहिलेली इतिवृत्ते ही कारणेही तितकीच खरी आहेत.

इथे संस्थांच्या दारात यावे लागते, कारण सगळा दोष देणाऱ्यांवर टाकून सुटका नाही. हिशेब म्हणजे सीएचे काम, ही समजूत आपल्या संस्थांत फार खोल आहे. वर्षभर बिले पिशवीत साठवायची आणि सप्टेंबरमध्ये ती पिशवी शहरातल्या सीएकडे नेऊन द्यायची. खजिनदाराला कॅशबुकात आज किती शिल्लक आहे हे सांगता येत नाही. अध्यक्षांचा मुलगाच बाके पुरवतो आणि दरपत्रके तीन असली तरी तिन्ही एकाच दुकानातून आलेली असतात. एका देणगीदाराच्या प्रकल्पाचे पैसे अडचणीत दुसऱ्याच्या पगाराला वापरायचे आणि पुढे हप्ता आला की भरायचे, ही सवय तर इतकी सर्रास आहे की तिच्यात काही चूक आहे असे कुणाला वाटत नाही. ती चूकच आहे. ज्या महिन्यात तो हप्ता येत नाही त्या महिन्यात संस्था बुडते आणि कार्यकर्त्यांचे पगार थकतात.

चांगली व्यवस्था महाग नसते. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बँकेचे विवरण आणि कॅशबुक जुळवायचे. करार हाती आला की त्यातल्या तारखा, शीर्षे आणि अटी एका पानावर मराठीत लिहून भिंतीवर लावायच्या, कारण इंग्रजीतला चाळीस पानांचा करार फक्त संचालकाने वाचलेला असतो आणि खर्च मात्र कार्यकर्ता करत असतो. ‘तुझ्या केंद्राला या तिमाहीत साहित्यासाठी इतके रुपये आहेत’ हे केंद्र चालवणाऱ्या ताईला माहीत हवे. दहा हजारांवरचे रोखीचे देणे आयकरात ग्राह्य धरले जात नाही, हे तिला माहीत असेल तर ती मंडपवाल्याला धनादेशच देईल. गावातल्या पालकांच्या बैठकीत वर्षाचा खर्च त्यांच्या बोलीत वाचून दाखवावा. मुले किती आली, ताई किती दिवस आली, खाऊ मिळाला का, हे त्या बैठकीइतके नेमके कोणताही लेखापरीक्षक सांगू शकत नाही.

हे सगळे करायला माणूस लागतो. बी. कॉम. झालेली, टॅली येणारी, धडगावला राहायला तयार असलेली मुलगी संस्थेला हवी असते. तिला संस्था जे देऊ शकते त्याहून जास्त शहादा-नंदुरबारमधला दुकानदार देतो. ती वर्षभरात जाते आणि तिच्याबरोबर कोणती फाइल कुठे आहे ही माहितीही जाते. ब्रिजस्पॅन या सल्लागार संस्थेने भारतातल्या चाळीस मोठ्या स्वयंसेवी संस्थांचे आकडे तपासले तेव्हा प्रकल्पाबाहेरचा, म्हणजे हिशेब, प्रशिक्षण, व्यवस्थापन यांचा खर्च ५ ते ५१ टक्क्यांपर्यंत निघाला. मध्यक १९ टक्के होता. या तर स्थिरावलेल्या संस्था. सरसकट ५ किंवा १० टक्के देऊ, हे धोरण कोणत्याही हिशेबावर आधारलेले नाही.

उपाय अवघड नाहीत. महाराष्ट्रात शिक्षणाला पैसे देणाऱ्या कंपन्यांनी आणि प्रतिष्ठानांनी एकत्र बसून अहवालाचा एकच नमुना ठरवावा. पाच देणगीदारांना पाच तऱ्हेने तोच हिशेब लिहून देण्यात जाणारे दिवस त्यातून वाचतील. दुर्गम भागासाठी हाताने लिहिलेले, साक्षीदारांच्या सह्यांचे व्हाउचर ठरावीक रकमेपर्यंत ग्राह्य धरावे. देणगीदाराच्या प्रतिनिधीने वर्षातून एकदा न कळवता पाड्यावर जावे, मुले मोजावीत, पालकांशी बोलावे आणि त्या बदल्यात दहा प्रमाणपत्रे कमी मागावीत. तालुक्यातल्या चार-पाच संस्थांनी मिळून एक चांगला हिशेबनीस नेमावा आणि त्याचा पगार एखाद्या कंपनीने तीन वर्षांसाठी उचलावा. शाळेची खोली बांधून देण्यापेक्षा हा खर्च कितीतरी कमी आहे.

वाचकांपैकी अनेकजण कुठल्या ना कुठल्या शिक्षणसंस्थेला दरवर्षी काही देतात, कुणी आईवडिलांच्या स्मरणार्थ, कुणी मुलांच्या वाढदिवशी, परदेशातले मराठी लोक आपल्या गावच्या शाळेसाठी. त्यांनी यंदा त्या संस्थेकडे लेखापरीक्षणाचा अहवाल मागावा, तो वाचावा आणि जे कळले नाही ते खजिनदारांना विचारावे. ताळेबंद नीट असेल तर पुढची देणगी देताना ती बाकांसाठी, गणवेशासाठी की संगणकासाठी हे ठरवून देऊ नये. सोबतच्या पत्रात एवढेच लिहावे की ही रक्कम संस्थेने आपल्या गरजेप्रमाणे वापरावी, त्यात हिशेब ठेवणाऱ्याचा पगारही आला.